इथे कबर नाही

बाक लिएउ, १२ फेब्रुवारी २०२५

तोन मामा,

फार दिवसांनी आपल्या चाम अक्षरांत लिहायला बसले आहे. तुम्ही लहानपणी अंगणातल्या वाळूवर गिरवून घेतलेली अक्षरं माझ्या बोटाला आठवतात, डोक्याला नाही. अडलं की टेबलावर बोट फिरवून बघते. बाजूच्या खुर्चीवरची मुलगी विचारते, "ताई, धूळ पुसताय का?" फोनवर बोलता आलं असतं, पण तुम्ही फोनवर दोनदा 'हं' म्हणता आणि तो मामींच्या हातात देता. शिवाय जे विचारायचं आहे ते घाईत विचारण्यासारखं नाही.

मला बोलावणं आलं आहे, पुन्हा सुरू झालेल्या अणुवीज प्रकल्पाकडून. रशियात ओब्निन्स्कला शिकून आलेल्या आम्हा सगळ्यांना ते शोधून काढतायत. मी तिकडे वर्गात बसलेली असताना प्रकल्प रद्द झाल्याची बातमी आली होती. सर म्हणाले होते, "शिकत राहा, भौतिकशास्त्र काही रद्द झालेलं नाही." व्हिएतनामला परत आल्यावर मी इथे समुद्रकाठच्या पवनचक्क्यांवर लागले आणि मनाशी म्हटलं, बरंच झालं. वाऱ्याचं काम स्वच्छ असतं. कोणाला भीती घालत नाही.

पण मामा, मी इथे नियंत्रण कक्षात बसते आणि रोज संध्याकाळी एक रेघ बघते. लोक घरी येतात, भात शिजत लावतात, पंखे सुरू करतात, आणि कधीकधी नेमका तेव्हाच वारा पडतो. रेघ खाली जाते. मग कुठल्यातरी दूरच्या भट्टीत जास्त कोळसा घातला जातो आणि ती जागा भरून निघते. सौरवीज तर त्या वेळी घरी गेलेली असते. अणुभट्टी वाऱ्याची किंवा उन्हाची वाट बघत नाही, हे मला माहीत आहे. तिची राख मात्र माझ्या नातवंडांच्या नातवंडांनाही राखत बसावं लागेल, हेही मला माहीत आहे. एक बाजू मनात धरली की दुसरी रडायला लागते.

आणि ती भट्टी येणार आपल्याच चुआह गावावर. ज्या घरातून मला तिकडे शिकायला पाठवलं, ते घर पाडून. मी तिथे नोकरीला गेले तर गाव काय म्हणेल? तुम्ही काय म्हणाल?

दुसरी गोष्ट. कुळातल्या थोरल्या मुक थान आजीने निरोप पाठवला की आपल्या कुळाचं कूत हलवणार, दगडांसकट आणि दगडांखालच्या आपल्या सगळ्या माणसांच्या अस्थींसकट. त्याआधी ज्यांच्या अस्थींच्या डब्या अजून बाहेर लपवलेल्या आहेत त्या सगळ्या कूतमध्ये यायला हव्यात, म्हणजे कोणी मागे राहणार नाही. आईच्या कपाळाच्या हाडाचे ते नऊ तुकडे तुम्ही डबीत भरलेत तेव्हा मी परीक्षा देत होते. तिला अग्नी देताना मी नव्हते. कूतमध्ये नेताना मात्र डबी माझ्याच हातात हवी. तिची मुलगी मी एकटीच आहे. कधी आणायची ते कळवा, मी रजा घेते.

तुमची,
बांगू


चुआह, १ मार्च

बांगू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा मजकुरासाठी, दुसऱ्यांदा चुका मोजायला, तिसऱ्यांदा असंच. चुका सांगत नाही, नाहीतर पुढचं पत्र यायचं नाही. एवढंच सांगतो की 'वारा' लिहिताना तू शेपटी उलटी काढलीस.

गावात सभा झाली. शहरातून एक साहेब आला होता, पांढरा सदरा, घामाने पाठीला चिकटलेला. म्हणाला, "नव्या वसाहतीत पक्का रस्ता, नळाचं पाणी, प्रत्येक घराला अंगण." फू म्हातारा उठला. "साहेब, माझ्या मेंढ्या शंभराच्या वर आहेत. त्यांना पाळीपाळीने अंगणात आणू का?" सगळे हसले. साहेबही हसला, बिचारा. मग तुझी मामी उठली. मी तिची बाही ओढली तरी उठली. म्हणाली, "पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत, इथे भट्टी येणार, घरं बांधू नका. तेव्हा आमचं छप्पर गळत होतं, ते तसंच गळू दिलं. मग सांगितलंत, भट्टी येत नाही, बांधा. तेव्हा खिशात काही नव्हतं. आता कुठे नवे पत्रे टाकले, तर तुम्ही परत आलात. आमच्या पत्र्यांची वाट बघत होतात का?" साहेबाने ते लिहून घेतलं. काय लिहिलं असेल देव जाणे.

तू विचारतेस ती नोकरी घेऊ का. घे. मी काय म्हणेन म्हणून अडू नकोस. तू त्यासाठीच शिकलीस. पवनचक्कीला तेल घालायला रशियाला जावं लागत नाही. गावाचं म्हणशील तर गाव चार दिवस बोलेल, मग आपली पोरगी आत आहे म्हणून तुझ्याकडेच कामं घेऊन येईल. आणि तुला इतक्या लांब मचाणावर बसवून वाऱ्याची राखण करायला लावलेलं मला आवडत नाही. जवळ ये.

तुझ्या आईची काळजी करू नकोस. ती आहे तिथे आहे. घाई करायचं कारण नाही. कूत हलवायला अजून वेळ आहे. आधी पुजाऱ्याने दिवस काढायला हवा.

मेंढ्यांना यंदा चारा नाही. द्राक्षं बरी आहेत.

तोन मामा


बाक लिएउ, १७ एप्रिल

तोन मामा,

'वारा' नीट लिहायला शिकले, आणि इथला वारा गेला. या दिवसांत असंच होतं. सगळ्या पवनचक्क्या एका रांगेत पाण्यात उभ्या आहेत, एकही पातं हलत नाही. पर्यटक येऊन खाली फोटो काढतात. त्यांना वाटतं त्या विश्रांती घेतायत.

तुमच्या पत्राने मला बरं वाटायला हवं होतं, पण मी जास्तच अस्वस्थ झाले. पहिल्या वेळेस, मी शाळेत होते तेव्हा, भर सभेत तुम्ही म्हणाला होता की कूतचे दगड उभे आहेत तोवर मी इथून हलणार नाही. आता तुम्ही एका ओळीत 'घे' म्हणता. मला वाटलं होतं तुम्ही माझ्याशी भांडाल आणि भांडता भांडता मला कळेल की मला काय वाटतं. तुम्ही भांडलातच नाही.

म्हणून मी एकटीच भांडते आहे. अणुभट्टीला जागा थोडी लागते. तेवढीच वीज उन्हातून काढायची तर आपल्यासारखी कितीतरी गावं पॅनेलखाली जातील. पण पॅनेलचा करार संपला की जमीन परत मिळते, तिच्यावर पुन्हा मेंढ्या चरू शकतात. भट्टीची जमीन परत मिळाली असं मी कुठे शिकले नाही. भट्टीत चूक होण्याची शक्यता फार लहान असते, ती किती लहान ते काढायचं गणित मला येतं. पण गणित करणारा माणूस त्या उतारावर राहत नसतो. मला हे असं दिवसभर चालू असतं. जेवताना मैत्रीण म्हणते, "तुझा भात निवला, भट्टी विझव आता."

एका गोष्टीत मात्र मला शंका नाही, ती म्हणजे आई. मुक थान आजी फोनवर म्हणाली की बाकीच्या घरांनी डब्या कधी काढायच्या ते ठरवलं, फक्त तोनने काही सांगितलं नाही. मामा, जागा दोघांना माहीत असावी लागते ना? तुमच्याखेरीज ती माझ्या आजीला माहीत होती, ती गेली. म्हणजे आता जगात एकट्या तुम्हाला माहीत आहे. तुम्ही उन्हातान्हात मेंढ्यांमागे फिरता. तुम्हाला काही झालं तर? मला भीती वाटते. दिवस कळवा.

बांगू


चुआह, ९ मे

बांगू,

मला काही होत नाही. गुडघे दुखतात, ते मेंढ्यांचेही दुखतात.

उन्हाळा भयंकर आहे. या दिवसांत डबी काढत नाहीत. आणि जागा पत्रात लिहायची नसते, हे मी तुला सांगायला नको. कळेल तेव्हा कळेल.

नोकरीचं काय केलंस? मुदत जाईल. लवकर हो म्हण.

मामा


बाक लिएउ, २ जून

मामा,

हे पत्र मी दोनदा फाडलं. आता फाडायचं नाही असं ठरवून लिहिते आहे. वाईट वाटून घेऊ नका असं म्हणणार नाही, कारण वाईट वाटण्यासारखंच आहे.

मामींच्या भाच्याशी बोलले. तो म्हणाला, प्रकल्पाची माणसं तुमच्याकडे दोनदा येऊन गेली, तुमच्या ओट्यावर बसून चहा प्यायली. म्हणाला, तोन काका आता गावात सगळ्यांना सांगतो की भट्टी येऊ द्या. आणि नवे पत्रे आले कुठून, असंही त्याने मला हसत विचारलं.

मला खरं सांगा. मला तिकडे ढकलण्यामागे काही आहे का? तुम्ही कोणाला शब्द दिला आहे का की माझी भाची येईल, गाव ऐकेल? तसं असलं तरी मी समजू शकते, म्हातारपण कोणाला चुकलं नाही. पण मग आईला आणायचं तुम्ही का टाळता? कूत हललं आणि ती बाहेर राहिली तर तिच्या नावाने भात कोण ठेवणार, कुठे ठेवणार? रिकाम्या गावात?

तुम्ही मला पहिलं अक्षर शिकवलंत तेव्हा सांगितलं होतं, जे बोलायला लाज वाटते ते लिहायचं. म्हणून लिहिलं.

बांगू


चुआह, ११ जून

बांगूस,

मला तुमची ती वळणावळणाची अक्षरं येत नाहीत, म्हणून शाळेतल्या व्हिएतनामीत लिहिते. तुझा मामा तुझं पत्र वाचून ओट्यावर बसला, मेंढ्या सोडल्याच नाहीत. मी म्हटलं, काय लिहिलंय? म्हणाला, काही नाही, पोरीचं अक्षर सुधारलं. मग मी ते पत्र तुझ्या मावसभावाकडून वाचून घेतलं. घेतलं तर घेतलं.

आधी पत्र्यांचं सांगते. ते माझ्या द्राक्षांच्या पैशातले आहेत. माझं घर, माझे पत्रे. तुझा मामा माझ्या घरात राहतो, त्याने पत्रे आणायचे दिवस अजून यायचेत. माझ्या त्या दीडशहाण्या भाच्याला सांग, परत हसलास तर मावशी दात मोजून हातात देईल.

आता दुसरं. हे मी सांगितलं असं त्याला कळलं तरी मला चालेल. सात वर्षं मी गप्प बसले, ते पुष्कळ झालं.

तुझ्या आईची डबी त्याने खाजणीमागच्या टेकडीवर ठेवली होती, एका मोठ्या दगडाच्या बुडाशी. ते मला नंतर कळलं. पुढच्याच वर्षी तिथे सौरवीजवाले आले. मोजणीचा माणूस घरोघर विचारत फिरत होता, डोक्यावर पांढरी टोपी. मी इथेच लसूण निवडत होते. त्याने तुझ्या मामाला विचारलं, "टेकडीवर तुमची कोणाची कबर आहे का?" मामा म्हणाला, "नाही." माणसाने लिहिलं आणि गेला.

तो खोटं बोलला नाही. आपण जाळतो, पुरत नाही. डबीला कोणी कबर म्हणत नाही. आणि ती जागा परक्याला सांगायची नसते, सांगितली की ती जागाच राहत नाही. अजून काय सांगायला हवं होतं त्याने? त्याला वाटलं, खांब रोवतील, दगड मोठा आहे, तो कशाला हलवतील. तरी धाकधूक होती म्हणून पुजाऱ्याकडे गेला. पुजाऱ्याने डबी हलवायला चांगला दिवस काढून दिला. यंत्रं त्याच्या आधीच्या आठवड्यात आली. टेकडी होती, दोन दिवसांत नव्हती.

आणि हे ऐक. तेव्हा तू रशियातून पत्र पाठवलं होतंस की ऊन कोणाचं काही घेत नाही, सौरवीज आली तर येऊ द्या, भट्टीपेक्षा ती बरी. ते पत्र त्याने सभेत वाचून दाखवलं होतं. माझी भाची शिकलेली आहे, ती म्हणते, असं छाती काढून. लोकांनी माना डोलावल्या. म्हणून तो तुला सांगत नाही. दोष तुझ्यावर येईल म्हणून. तू तिकडे बसून त्याला पैसे खाल्ल्याचं विचारतेस.

चहा प्यायला आलेले लोक दगडांची मापं घ्यायला आले होते, कूतच्या. चहा मीच दिला. माणसं दारात आली तर काय, पाणीही विचारायचं नाही?

ये आता. पत्रं पुष्कळ झाली.

मामी


बाक लिएउ, ३ ऑगस्ट

तोन मामा,

मी इथे परत पोहोचले. आठवडाभर घरी राहून आपण एकमेकांशी काही बोललो नाही. तुम्ही मेंढ्यांशी बोलत होता, मी मामींशी. म्हणून परत लिहिते आहे. माझ्या दोन जूनच्या पत्राबद्दल मी माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही 'हं' म्हणाल आणि ते तिथेच संपेल. ते पत्र मला लक्षात राहिलं पाहिजे.

सौरक्षेत्राच्या फाटकापाशी आपण उभे होतो तेव्हाचं माझ्या डोक्यातून जात नाही. रखवालदाराने विचारलं, "कोणाला भेटायचंय?" तुम्ही म्हणालात, "बहिणीला." तो म्हणाला, "इथे काम करते का?" तुम्ही टोपी काढून हातात धरलीत. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने फाटक उघडलं.

तो इंजिनिअर वाईट नव्हता. माझ्याच वयाचा, त्याच्या जागी मी असू शकले असते. त्याने जुने नकाशे काढून दाखवले. टेकडीची माती सगळ्या क्षेत्रावर पसरली, आणि उरलेली, दगडगोट्यांसकट, रोहित्रांच्या चौथऱ्याखाली भरली. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पण ताई, आमच्या कागदावर इथे कबर नाही असंच आहे." मी म्हटलं, "कागद बरोबर आहे. कबर नव्हतीच." मग आपण तिघंही त्या चौथऱ्याकडे बघत उभे राहिलो. त्यावरची रोहित्रं सारखी गुणगुणत असतात, सगळ्या पॅनेलची वीज तिथे गोळा होऊन बाहेर जाते. मला त्या आवाजाची सवय आहे. त्या दिवशी पहिल्यांदा तो आवाज मला सोसला नाही.

पण मला खरं लिहायचं आहे ते मुक थान आजीच्या घरातल्या बैठकीबद्दल. तुम्ही सगळ्यांसमोर उठून टेकडीचं नाव घेतलंत, दगड कोणता, त्याच्या कोणत्या बाजूला, सगळं मोठ्याने सांगितलंत. जे कधी सांगायचं नसतं ते. मला वाटलं आता लोक तुम्हाला बोलतील. कोणी बोललं नाही. मग फू म्हाताऱ्याची बायको, जी कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "आमचीही तिथेच होती. माझ्या आईची." मग विहिरीजवळच्या घरातली. मग तुमच्या मित्राची सून. चार घरं, मामा. त्या पांढऱ्या टोपीवाल्याने चार घरांना तोच प्रश्न विचारला आणि चारही घरांनी 'नाही' म्हटलं, आणि प्रत्येकाला वाटत राहिलं की आपण एकटेच आहोत. सात वर्षं तुम्ही एकाच कुरणात मेंढ्या चारता आणि एकमेकांना सांगितलं नाहीत.

मी मुक थान आजीला विचारलं, निदान तिथली मूठभर माती आणून आईच्या डबीत भरता येईल का. तिने सुपारी गालात सरकवली. म्हणाली, "कूळ आईकडून चालतं. एका आईच्या लेकरांचे दगड वेगळे, दुसरीच्या लेकरांचे वेगळे. त्या मातीत आता चार आयांची माणसं मिसळली. तू उचलशील ती मूठ कोणाची? दुसऱ्याची आई आपल्या कूतमध्ये आणून ठेवलीस तर ती तिथे परकी, आणि तुझी आई तिकडे." मग म्हणाली, "करार संपेपर्यंत त्यांना एकमेकींच्या सोबतीने राहू दे."

म्हणजे कूत जाईल आणि आई राहील. मी डबी हातात धरून चालणार होते. आता ते होणार नाही. हे लिहिल्यावर मला दुसरं काही सुचत नाही.

नोकरीची मुदत त्यांनी वाढवली आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही मला एक सांगा, खरं. भट्टीची नोकरी घे म्हणून तुम्ही माझ्या मागे का लागला होतात?

बांगू


चुआह, २५ ऑगस्ट

बांगू,

विचारलंस तर सांगतो. तू माझ्यापेक्षा धीट निघालीस. मी एवढी वर्षं विचारू दिलं नाही.

गाव उठलं की खाजणीकडचा रस्ता बंद होणार. मोजणीवाल्यांनी मला नकाशा दाखवला. फाटक असेल पुलाजवळ, आणि सौरक्षेत्र त्या फाटकाच्या आतल्या बाजूला. आत फक्त भट्टीची माणसं जाणार. आपण नाही, मुक थान नाही, पुजारी नाही. मी विचारलं, वर्षातून एकदा, पूर्वजांच्या कातेच्या सणाला? म्हणाले, बघू. 'बघू' म्हणजे काय ते मला या वयात कळतं.

मग तुझं पत्र आलं की तुला बोलावलंय. मला एवढंच दिसलं की आपल्या कुळातलं कोणीतरी आत असेल. येता जाता त्या चौथऱ्यावरून तुझी सावली जाईल. तू वाऱ्याचा आणि अणूचा हिशेब करत होतीस, मी माझा करत होतो. तुला न सांगता तुला तिथे नेऊन ठेवणार होतो, जशी तिला ठेवली तशी. हे बरोबर नव्हतं.

माझ्या मनात भट्टीची भीती आहे. आजही आहे. पण भट्टीवाले तीन तीनदा येऊन विचारतात, भांडू देतात, लिहून घेतात, कारण जगाचं त्यांच्याकडे लक्ष असतं. उन्हाने एका वाक्यात विचारलं आणि मी एका शब्दात उत्तर दिलं, कारण सगळे म्हणत होते की हे निरुपद्रवी आहे, यात विचारण्यासारखं काय. तुझं पत्र चुकीचं नव्हतं. ऊन कोणाचं काही घेत नाही. घेतात ती माणसं, आणि मीही त्यांच्यातला एक.

आता 'घे' म्हणत नाही, 'नको' म्हणत नाही. तुझ्या आईसाठी घेऊ नकोस. ती असती तर म्हणाली असती, माझ्यावर कसली राखण ठेवता, जेवायला घाला पोरीला.

मामी म्हणते, पत्रात तिचा नमस्कार लिही. लिहिला.

मामा


फान रांग, १४ ऑक्टोबर

तोन मामा,

शहरात आहे, उद्या दुपारी घरी येते. त्याआधी हे पत्र आजच्या संध्याकाळच्या बसने पुढे पाठवते. मी पोहोचण्याआधी तुम्ही ते वाचावं असं वाटतं. समोर बसून एवढं सलग मला बोलता येणार नाही.

मुलाखत झाली. मी तयारी केली होती. संध्याकाळची ती खाली जाणारी रेघ, उन्हाळ्यातल्या थांबलेल्या पवनचक्क्या, कोळसा. दुपारी आपल्याकडच्या सौरक्षेत्रातली वीज वाहून न्यायला तारा पुरत नाहीत म्हणून ती सोडून द्यावी लागते आणि दिवे लागायच्या वेळी नसते, तेही. हे सगळं मी सांगितलं. मला ते पटतं म्हणून सांगितलं. मला असंही वाटतं की वारा, ऊन आणि भट्टी यांतलं कोणी एकटं पुरणार नाही, आणि तिघांपैकी कोणालाही कमी प्रश्न विचारून चालणार नाही. तेही सांगितलं. ते माना डोलावत होते.

मग मध्ये बसलेल्या वयस्कर बाई म्हणाल्या, "या जागीच काम करायचं, दुसरं कुठलंही चालणार नाही, असं अर्जात लिहिलंय तुम्ही. का?"

मामा, मी खोटं बोलू शकले असते. गाव जवळ आहे म्हटलं असतं तर ते खरंही होतं. तुम्हीही 'नाही' म्हणालात ते खरंच होतं. मी म्हटलं, "माझी आई त्या कुंपणाच्या आत आहे." आणि डबीचं, टेकडीचं, चौथऱ्याचं, चार घरांचं सगळं सांगितलं. एका माणसाने लिहायचं थांबवलं.

बाई म्हणाल्या, "मग तुम्ही तटस्थ कशा राहाल?"

"नाही राहणार," मी म्हटलं. "तिथल्या मातीबद्दल मी कधीच तटस्थ राहणार नाही. तिथे काही गळलं तर ते थोडंसंच आहे, असं माझ्या तोंडून निघणार नाही. एवढंच मी सांगू शकते."

बाहेर आल्यावर मी जिन्यात बसले. वाटलं, संपलं. आज सकाळी त्यांचा फोन आला. मला घेतलं आहे. भट्टीवर नाही, जे मी शिकले त्यावर नाही. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या विभागात. पगार कमी आहे. मी हो म्हटलं.

आईसाठी घेऊ नकोस असं तुम्ही लिहिलंत. मी स्वतःला पुष्कळ विचारलं. मला वेगळं करता येत नाही. ज्याचं तिथे कोणी नाही अशा माणसाने हे काम घ्यावं, हे जास्त स्वच्छ वाटलं असतं. पण मग तो माणूस कागदावर बघेल आणि तिथे काही नाही असं म्हणेल.

काम सुरू होतं ते मातीपासून. भट्टीची पहिली वीट ठेवण्याआधी आजूबाजूच्या जमिनीचे, पाण्याचे, मिठागरांचे नमुने घ्यायचे आणि ही जमीन आधी कशी होती ते नोंदवून ठेवायचं, म्हणजे पुढे बिघडलं तर लपवता येणार नाही. कुठून कुठून माती घ्यायची त्या ठिकाणांत सौरक्षेत्रही आहे. दुपारी विभागप्रमुखांना भेटून मी सांगितलं की तिथली माती घ्यायच्या आधी मला चार घरांना विचारावं लागेल. ते म्हणाले, "ती जमीन आता त्यांची नाही, कायद्याने विचारायची गरज नाही." मी म्हटलं, "माहीत आहे." ते वही उघडून म्हणाले, "किती दिवस लागतील?" मी म्हटलं, "ते त्या बायका ठरवतील."

म्हणून उद्या मी घरी येते ती तुमची भाची म्हणून, आणि परवा सकाळी मुक थान आजीच्या घरी जाईन ती हा प्रश्न घेऊन. फू आजीकडे जाईन, विहिरीजवळच्या घरी, तुमच्या मित्राच्या सुनेकडे. मी 'इथे कबर आहे का' असं विचारणार नाही. मी विचारेन, तुमचं माणूस जिथे आहे तिथली ओंजळभर माती घेऊ का. त्या नाही म्हणाल्या तर ती जागा मी मोकळी सोडेन आणि का सोडली ते लिहीन.

आपल्या घरी उत्तर कोण देणार हे मला कळत नाही. रीतीने मुलगी म्हणून मीच द्यायचं, पण विचारणारीही मीच आहे. तेव्हा परवा मुक थान आजीच्या खोलीत तुम्ही बसा, मामा. मी तुम्हाला विचारेन. लगेच उत्तर देऊ नका. हवा तेवढा वेळ घ्या, मी थांबेन.

बांगू